क्रुसाच्या खालचं पाणी

आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मी दोन वर्षं जातोय म्हणून गरज कशाला म्हणावं नि हाव कशाला, हे सांगायचा अधिकार मला मिळाला असं नाही. ते सांगायला फादर आहेत. आमच्या विहिरीचं जे झालं ते मी पाहिलंय, तेवढंच लिहितो.

राई-मुर्ध्याच्या पुढे, खाडीला लागून आमचं घर. अंगणात विहीर. खाडी इतकी जवळ, तरी पाणी गोड. नळ एक दिवसाआड येतो, म्हणून आख्खी आळी प्यायला आणि डाळीला आमच्याच विहिरीचं पाणी नेते. आतल्या एका दगडावर पणजोबांनी क्रूस कोरलाय. उन्हाळ्यात पाणी उतरून क्रुसाचा पाया उघडा पडला की पंप बंद, फक्त हंडे भरायचे. त्याच्या खाली उपसलं तर खाडीचं खारं पाणी आत येतं.

ताईचं लग्न डिसेंबरात ठरलं. एप्रिलमध्ये एक टँकरवाला आला. शांती नगरच्या सोसायट्यांना पाणी हवं होतं. पहिले काही टँकर माझ्या फीसाठी गेले. "पोराची फी गरजेची हाय," म्हणत आईनेही अडवलं नाही. फी भरून झाली, पण टँकर येतच राहिले. आता पप्पांना लग्नासाठी एसीचा हॉल हवा होता. खरं सांगायचं तर ताईला आणि मलाही हवा होता.

"अंगणात मांडव घातला तर पाहुणे जेवणार न्हाय का?" आई म्हणाली.

"तुझ्या भावाने हॉल घेतला तेव्हा मिटक्या मारत जेवलीस. तेव्हा न्हाय बोललीस."

"त्याने विहीर न्हाय विकली."

"मामाकडे विहीर हाय कुठे!" ताई म्हणाली आणि आम्ही सगळेच हसलो. त्यानंतर बरेच दिवस घरात कुणी हसलं नाही.

संध्याकाळची प्रार्थना पप्पा सांगायचे. एकदा ते रोजच्या भाकरीच्या ओळीवर आले आणि आईने मध्येच थांबवलं.

"परत म्हणा."

"काय चुकलं?"

"काय न्हाय. 'आज' म्हणतो आपण. आजची मागतो. डिसेंबरची न्हाय."

पप्पांनी उरलेली प्रार्थना भराभर संपवली आणि न जेवता बाहेर गेले.

मे महिन्यात मी वाकून पाहिलं तर क्रुसाचा पाया उघडा होता. "पप्पा, क्रूस दिसतोय," मी म्हणालो. "दिसू दे. हा आठवडा फक्त," ते म्हणाले. दोन-तीन दिवसांत क्रुसाचे हातही उघडे पडले. त्या दुपारी टँकर आला तेव्हा आई जाऊन सरळ त्याच्या पाइपवर बसली.

"चाची, उठो ना, बस एक ट्रिप," ड्रायव्हर म्हणाला.

"मेरे को उठाएगा तू? क्रेन ला पहले."

ड्रायव्हर हसला, पप्पा हसले नाहीत. "ऊठ. हॉलला अ‍ॅडव्हान्स दिलाय. लोकांसमोर तमाशा नको."

आई उठली, पदर झटकला आणि आत गेली. पंप सुरू झाला. मी तिथेच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी शेजारची काकू डाळीचं पातेलं घेऊन दारात आली. "सकाळपास्नं चुलीवर हाय. शिजतच न्हाय. चव बघ पाण्याची." पप्पांनी विहिरीतून घागर काढली, एक घोट घेतला, मग आणखी एक. घागर खाली ठेवून त्यांनी पंपाची वायर सोडवली.

आळीतलं कुणी भांडायला आलं नाही. तेच जड गेलं. लोक नळाचं पाणी साठवू लागले, आमचा रहाट बंद पडला. पावसाने विहीर धुऊन निघेल असं सगळे म्हणत होते. पाऊस भरपूर झाला, विहीर भरली, क्रूस बुडाला, तरी आमच्या पाण्यात काकूची डाळ कडकच. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीचं पाणी वाजतगाजत आपल्याच विहिरीतून आणायची आमच्याकडे रीत आहे. "खाऱ्या पाण्याने आंघोळ केली तर बरंच," ताई म्हणायची, "सुक्या बोंबलासारखी टिकेन." म्हणायची आणि पाठ फिरवायची.

नेमक्या कोणत्या टँकरला आमची गरज संपली, हे तेव्हा आमच्यातलं कुणीच सांगू शकलं नसतं. प्रत्येक टँकर थोडा गरजेचाच वाटत होता. म्हणूनच पणजोबांनी ती खूण कोरली असावी, आणि क्रुसाचीच कोरली असावी, असं मला वाटतं.

नोव्हेंबरात कॉलेजच्या शिबिराला जव्हारकडे गेलो. तिथे नेटवर्क नव्हतं. रोज प्रार्थना करताना मी भाकरीच्या ओळीजवळ अडकायचो. मागायला तोंड होत नव्हतं. परतीची बस मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा फोन वाजला. पप्पांचा आवाज होता, रेकॉर्ड करून पाठवलेला. त्यांनी असं आधी कधी केलं नव्हतं.

"काकूकडे डाळ शिजली. हॉलवाल्याला न्हाय म्हणून सांगितलं, मांडव अंगणात घालतोय. येताना रहाटाला चांगला दोर घेऊन ये. जुना कुजलाय."