दादाचा वेगळा ग्लास

घरात बायको आणि मुलगी, दोघींना सगळं कळल्यावर हे लिहितोय. त्याआधी हिंमत नव्हती.

माझा थोरला भाऊ मोहने गावात एकटाच राहायचा. आजारी पडला तेव्हा मी त्याला वर्तकनगरला आमच्या घरी आणलं. बायकोला, शेजाऱ्यांना, वागळे इस्टेटमध्ये माझ्यासोबत काम करणाऱ्यांना, सगळ्यांना एकच सांगितलं, टीबी झालाय. ते खोटं नव्हतं. पण मुळात त्याला एचआयव्ही होता, हे मी कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

सरकारी दवाखान्यातल्या कौन्सिलर मॅडमनी मला समोर बसवून समजावलेलं. टीबीचं औषध सुरू केलंय, खोकताना तोंडावर रुमाल धरू दे. बाकी एचआयव्ही ताटाने, ग्लासाने, जवळ बसल्याने होत नाही. मी मान हलवली आणि घरी येताना भांड्यांच्या दुकानातून स्टीलचा एक ग्लास घेतला. दुकानदाराने विचारलं, "नाव टाकायचं?" भांडं हरवू नये म्हणून लोक नाव टाकतात. मी दादाचं नाव टाकलं ते दुसऱ्या कुणी तो तोंडाला लावू नये म्हणून.

माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती, नुकतीच वाचायला लागलेली. ग्लासावर मोठ्या पप्पांचं नाव आहे म्हणून तिला तोच हवा असायचा. एक दिवस त्यातलं त्याचं उष्टं पाणी प्यायली. मी तिच्या फाडकन थोबाडीत दिली. मोरीत नेऊन, बोट घालून चुळा भरायला लावल्या, ती ओकेपर्यंत. दादा खाटेवरून बघत होता. एवढंच म्हणाला, "अरे, पोर आहे ती."

पुढच्याच आठवड्यात तो मोहन्याला परत गेला. मी थांबवलं नाही. तिकडे त्याने गोळ्या सोडल्या आणि वारला. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही कोणी विचारलं की मी टीबीच सांगत होतो.

मुलगी आता अकरावीला आहे. यंदा कॉलेज सुरू झालं आणि थोड्या दिवसांनी तिचं काहीतरी बिनसलं. धाकट्या भावाला आपल्या ताटातला घास देईना. नेलकटर वेगळं आणलं. मैत्रिणींसोबत डबा खाणं बंद. एकदा भावाने तिच्या बाटलीतून पाणी प्यायला तोंड लावलं, तर हिने ती हिसकावून ओतूनच दिली.

मी जेवताना टोमणा मारला, "मॅडम मोठ्या झाल्या. आमचं उष्टं चालत नाही आता त्यांना."

बायको म्हणाली, "असू दे ओ. वयच तसं आहे."

मुलगी ताट घेऊन उठली. मला अजूनही काही कळलेलं नव्हतं. किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

मग एका रविवारी, बायको बाजारात गेलेली असताना, ती माझ्यासमोर येऊन बसली. "पप्पा, दवाखान्यात माझ्यासोबत याल? मी एकटी गेलेली. अठराच्या आतलीला टेस्ट करत नाहीत, आई-वडील लागतात म्हणाले."

"कसली टेस्ट?"

"एचआयव्हीची."

माझ्या मनात आधी काय आलं ते लिहायलाही लाज वाटते. मी विचारलं, "कोण मुलगा आहे?"

ती रडली नाही. म्हणाली, "मुलगा नाही हो. मोठे पप्पा." कॉलेजात एड्सवर लेक्चर झालं होतं. एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ती जागा, हा शब्द ऐकला आणि तिला दवाखान्याच्या दारावरची पाटी आठवली. लहानपणी दादाचं बोट धरून ती तिथे गेलेली. "लेक्चरमध्ये म्हणाले, उष्ट्याने होत नाही. पण मग पप्पांनी मला ओकायला का लावलं, असं वाटलं. काहीतरी असेलच ना. तुम्हाला जास्त माहीत असणार."

शिकवणाऱ्यांच्या शब्दावर माझी थोबाडीत भारी पडली होती. एवढे महिने पोरगी मरणाची वाट बघत होती आणि मी टोमणे मारत होतो.

मी सगळं सांगितलं. कौन्सिलर मॅडम काय म्हणाल्या होत्या, तेही.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, काही होत नाही ते?"

"हो."

"मग मारलंत का?"

"घाबरलेलो."

"माहीत होतं तरी?"

 

सोमवारी सुट्टी टाकून मी तिला घेऊन गेलो. टेस्टची गरज नाही, हे मॅडमनी तिला समजावलं. तरी तिचा जीव शांत व्हावा म्हणून केली. काहीच निघालं नाही. मला वाटलं, आता तरी हसेल. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "मोठे पप्पा माझ्यामुळे गेले का मोहन्याला?"

"तुझ्यामुळे नाही. माझ्यामुळे."

ती म्हणाली, "मम्मीला तुम्ही सांगताय की मी सांगू?"

संध्याकाळी बायको पीठ मळत होती. मुलगी येऊन स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली, आणि मी बोलायला लागेपर्यंत तिथून हलली नाही.