चढणाऱ्या गाडीला वाट

शुगरनं माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा खराब केला, तेव्हा डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आता गाडी बंद. बावीस वर्षं मी सांगलीतून हळदीची पोती भरून, कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरून ट्रक चिपळूणला नेत होतो आणि येताना जांभा दगड भरून तोच घाट चढत होतो. समोरची गाडी आपल्या उजव्या अंगानं येते, आणि गेला तो नेमका तोच डोळा. लायसन्सची मुदत संपली, ते पुन्हा मिळालं नाही. पलूसच्या घरात बसून मी बायकोच्या कामात चुका काढू लागलो. कांदा कसा चिरायचा हेही तिला शिकवू लागलो. दोन महिन्यांत ती मेटाकुटीला आली.

तेव्हा सांगलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकणाऱ्या माझ्या मुलीनं आपल्या लॅपटॉपवर मला एक गेम लावून दिली. रस्ते बांधायचे, ट्रक सोडायचे, या गावचा माल त्या गावाला पोचवायचा.

"पप्पा, ही फुकट हाय. हिच्या आतलं सगळं काम उघडं ठेवलंय. कुणीबी बघावं, चुकलं असंल तर दुरुस्त करावं."

"मग मालक कोण?"

"मालक न्हाईच."

मालक नसलेल्या गाडीचं ऑइल कोण बदलतं हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी बसलो. डोंगर केला, त्यावरून वळणावळणाचा रस्ता काढला आणि दगड भरलेला ट्रक सोडला. तो सपाटीवर पळावा तसा टॉप गिअरात डोंगर चढून गेला. माझं डोकंच फिरलं.

"लिही त्यास्नी," मी मुलीला म्हणालो. "भरलेली गाडी अशी चढती व्हय? हे करणाऱ्यानं जन्मात घाट बघितलाय का न्हाई?"

"पप्पा, जरा गोड लिवते."

"हाय तसंच लिही."

आमच्याकडं माणूस आपला वाटला की त्याला आधी शिवी, मग चहा. पण तिकडं हे चालणार नाही हे मला कळायला हवं होतं. मुलीनं मात्र शब्द न शब्द इंग्रजीत उतरवला आणि त्या लोकांच्या चर्चेच्या पानावर टाकला.

दोन दिवसांनी उत्तर आलं. गेममधल्या गाड्यांची चाल सांभाळणाऱ्या माणसाचं होतं. मुलीनं वाचून दाखवलं. तो परदेशात सपाट मुलखात राहतो. त्याच्या घराजवळ उंच म्हणावं असं काय, तर कालव्यावरचा पूल. घाट त्यानं खरंच बघितलेला नाही. गाडीही कधी चालवली नाही, सायकलवर फिरतो, लायसन्सच नाही. तुम्हाला माहीत आहे तर मला सांगाल का, असं त्यानं शेवटी विचारलं होतं.

मला लाज वाटली. आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. कितीतरी दिवसांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. शिवाय लायसन्स नसलेले आम्ही आता दोघे झालो होतो.

पण सांगायला बसलो तर सांगताच येईना. गिअर कधी टाकायचा? इंजिनचा आवाज पडला की. आवाज पडला म्हणजे किती? ते हाताला कळायचं, तोंडाला नाही. शेवटी एका जुन्या जोडीदाराला फोन केला. तो अजून त्याच रस्त्यावर आहे.

"चल की गड्या," तो म्हणाला, "पण बसायचं क्लिनरच्या जागेवर."

तो आणि मी, मध्ये मुलगी वही घेऊन. घाट उतरताना पायाखाली ब्रेक नसतानाही माझा पाय दाबला जात होता. परतताना गाडीत जांभा होता. प्रत्येक वळणाला मी गिअर सांगायचो आणि मुलगी वेग आणि वेळ टिपायची. एका अरुंद वळणावर वरून आलेला ट्रक आमच्यासाठी थांबला. चढणाऱ्या भरल्या गाडीला आधी वाट. एकदा थांबली तर तिला पुन्हा उचलणं अवघड असतं. जोडीदारानं हात वर केला, पलीकडच्यानंही केला असणार. मला तो ट्रक अगदी जवळ आल्यावरच दिसला. मी खिडकीकडं तोंड करून बसलो. मुलीला समजलं होतं, पण ती वहीत लिहीत राहिली.

ते सगळं आम्ही पाठवलं. वाट देण्याचंही शेवटच्या ओळीत सहज लिहिलं. मग त्या पानावर बरीच माणसं बोलायला लागली. एक डोंगराळ देशातला होता, तो म्हणाला, हा माणूस खरं सांगतोय. सपाट मुलखातला तो गाडीच्या चालीत बदल करून पाठवायचा आणि रोज दुपारी जेवण झालं की मी तो तपासून कळवायचो, अजून जोरात चढतीय, आता जास्तच कण्हतीय. बायकोच्या कांद्याकडं माझं लक्ष राहिलं नाही.

मग काही जण कुरकुरायला लागले. गाड्या रांगतात, खेळायची मजा गेली, हा बदल काढून टाका. एकानं तर माझ्यासारखंच लिहिलं, हे करणाऱ्याला कळतं तरी काय? मुलगी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी भडकणार, असं तिला वाटलं. पण मला राग आला नाही, भीती वाटली. हे काढून टाकलं तर मी पुन्हा कांद्यापाशी.

"त्याला विचार," मी म्हणालो, "बाबा, तू कुठं राहतोस? तुझ्याकडचा रस्ता कसा हाय, ते सांग."

त्याचं उत्तर काही आलं नाही. आठ दिवस त्या सपाट मुलखातल्या माणसाचंही काही आलं नाही. मी रोज विचारायचो, मुलगी रोज नकारार्थी मान हलवायची.

नवव्या दिवशी दुपारी ती लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली. बदल केलेली नवी गेम आली होती. मी माझा डोंगर उघडला आणि दगडाचा ट्रक सोडला. पायथ्याशी त्याचा वेग पडला. पहिल्या वळणाला तो दुसऱ्या गिअरात असावा तसा चालू लागला. मी श्वास सोडला. तेवढ्यात वरून एक रिकामा ट्रक उतरत आला आणि अरुंद वळणाच्या अलीकडं, कडेला थांबला. माझा भरलेला ट्रक सावकाश त्याच्या बाजूनं वर गेला.

त्या सायकलवाल्यानं ती शेवटची ओळसुद्धा वाचली होती.

माझा हात आपोआप वर गेला. आतून बायकोनं विचारलं, "आवं, कुणाला हात करताय?"

"समोरनं गाडी आली," मी म्हणालो. "मला लांबनंच दिसली."