तिसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्या

माझा मामा कुजबुजतो. त्याचा घसा बसलेला नाही आणि गुपितं तर त्याच्याकडे अजिबात नाहीत. सव्वीस वर्षं विंगेत, म्हणजे स्टेजच्या कडेच्या अंधारात, उभं राहून त्याचा आवाजच तेवढा उरलाय. भाजीवाल्याला तो "अर्धा किलो" असं सांगतो, जणू गाडीच्या पलीकडे कुणीतरी शेवटचा श्वास घेतंय. मग भाजीवालाही घाबरून कुजबुजतो, "सुटे आहेत का?"

थिएटरात सगळे त्याला पडदेकाका म्हणतात, कारण पडदा तो ओढतो. शिवाय दारावरची बेल तो वाजवतो, धूर तो सोडतो, पत्रा हलवून गडगडाट तो करतो आणि अस्वलाच्या पाठीची चेन तोच लावतो. अस्वलाच्या आत एक बँकेतली बाई असते. रजा टाकून अस्वल होते. थिएटर म्हणजे तरी काय, रंगाच्या दुकानावरचा एक हॉल, ब्याऐंशी खुर्च्या, टर्पेंटाइनचा वास. एरवी महिन्यातून दोनदा मोठ्यांचं नाटक होतं आणि पंधरा माणसं येतात, त्यातली सहा नटांच्या घरची. पण शाळांना सुट्टी लागली की मुलांचं नाटक सुरू होतं. तीन आठवडे, रोज दोन खेळ, बारा आणि साडेतीन. जगाला सुट्टी लागते आणि मामाला जुंपतात.

"अरे दादा, एक दिवस तरी ये ना जेवायला, सुट्टी आहे," आई फोनवर म्हणते.

"सुट्टी आहे ना, म्हणून तर."

मग आई डबा भरते आणि माझ्या हातात देते. त्यामुळे सुट्टीतल्या माझ्या दुपारी विंगेतल्या खोक्यावर गेल्या आणि पुढचं सगळं मी स्वतः पाहिलं.

विंगेत एक लांब टेबल आहे. त्यावर खाकी कागद चिकटवलाय आणि प्रत्येक वस्तूच्या कडेने पेन्सिल फिरवून तिची आकृती काढलीय. कंदिलाच्या आकृतीत कंदील, छत्रीच्या आकृतीत छत्री. नटाने वस्तू परत आणली की ती त्याच आकृतीत ठेवायची, तोंडही त्याच बाजूला. मामा अंधारात नुसता हात फिरवतो आणि सांगतो, "किल्ली नाही."

एकदा अस्वल म्हणालं, "काका, आहे की! ही काय, बशीशेजारी."

"जागेवर आहे का?"

"जागेवर नाही, पण टेबलावर..."

"मग नाही."

मामी ताईला, म्हणजे मामाच्या मुलीला, घेऊन माहेरच्या गावी राहायला गेली तेव्हा ताई सातवीत होती. भांडण असं झालं नव्हतं. आई म्हणते, "भांडायलासुद्धा माणूस घरी लागतो." मामी आता नाही. ताई त्याच गावात शाळेत शिकवते, बसने चार तासांवर. तिचा मुलगा टिल्लू सहा वर्षांचा होत आला. मामाने त्याला फक्त फोनवर पाहिला होता, आणि तोही अर्धा, कारण टिल्लू फोन कपाळावर धरतो. आजोबांच्या ओळखीचं होतं ते नातवाचं कपाळ आणि त्यांच्या घरातला पंखा.

या सुट्टीत ताईचा फोन आला. "बाबा, टिल्लूला तुमचं नाटक दाखवायचंय. गुरुवारी बाराच्या खेळाला येतो. पावणेतीनच्या बसने परत जावं लागेल."

त्या दिवसापासून मामा वेगळाच माणूस झाला. तिसऱ्या रांगेतल्या मधल्या दोन खुर्च्या त्याने निवडल्या. कुरकुरतात का ते बसून पाहिलं, एकीचा स्क्रू आवळला आणि दोन्हींवर 'राखीव' लिहिलेले पुठ्ठे ठेवले. नवा शर्ट आणून आईला दाखवला.

"काळाच?" आई ओरडली. "दादा, लेकीला भेटायचंय तुला, लपायचं नाहीये!"

"काम असतं गं," मामा कुजबुजला.

गुरुवारी पडद्याच्या भोकातून तो साडेअकरापासूनच बाहेर बघत होता. प्रत्येक पडद्याला असं भोक असतं, नट त्यातून गर्दी मोजतात. त्या दिवशी मात्र भोक मामाच्या मालकीचं होतं, दुसऱ्या कुणाला त्याने डोळा लावू दिला नाही. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. बारा वाजले. तिसरी घंटा झाली की पडदा उघडायचा असतो, आणि सव्वीस वर्षांत मामाची तिसरी घंटा कधी चुकली नव्हती. लोक तिच्यावर घड्याळ लावत नसत, एवढंच.

बारा वाजून तीन मिनिटं. दिग्दर्शक धावत आले. ते नेहमी धावतच येतात, दोन पावलांचं अंतर असलं तरी. "काका! काका, घंटा! आपण प्रेक्षकांचा वेळ खातोय, काका! वेळ म्हणजे काय आहे? वेळ म्हणजे..."

"फ्यूज बघतोय," मामा म्हणाला. फ्यूजचा डबा त्याच्या पाठीमागे होता.

बारा वाजून सहा मिनिटं. बाहेर पोरांनी पाय आपटायला सुरुवात केली. "काका," अस्वल आतून म्हणालं, "मी शिजतेय हो. तूप निघेल आता."

बारा वाजून नऊ मिनिटांनी मामा भोकापासून बाजूला झाला. त्याने घंटा वाजवली आणि दोर ओढला. खेळ उत्तम झाला. धूर वेळेवर आला, गडगडाट वेळेवर झाला. प्रत्येक प्रवेश संपला की मात्र मामा पडद्याच्या फटीशी जाऊन यायचा आणि परत येऊन दोराला हात लावायचा. मी विचारायचे, "आली?" तो नकारार्थी मान हलवायचा. पुठ्ठे होते तसेच होते.

नाटक संपलं, टाळ्या झाल्या. नट बाहेर जाऊन पोरांबरोबर फोटो काढत बसले. मामाने टेबल लावलं, स्टेज झाडलं, धुराच्या यंत्रात पाणी भरलं. डबा उघडला आणि तसाच मिटला.

"बस चुकली असेल," मी म्हटलं.

"हं."

सव्वादोनच्या पुढे तिकीटखिडकीतल्या मावशी जिना चढून आल्या. त्या चढतानाच बोलायला लागतात, म्हणजे वर पोचेपर्यंत निम्मं सांगून झालेलं असतं. "...आणि वर तो एवढासा पोरगा! काय माणूस आहात हो तुम्ही पडदेकाका! पाऊण तास दारात उभी होती पोरगी!"

"कोण?"

"कोण म्हणजे? तुमची!"

"ती आलीच नाही."

"अहो, आली की! सर्वांत मागे, दाराजवळ बसली होती. पोराला अंधाराची भीती वाटते, म्हणाली. संपल्यावर मी म्हटलं, जा ना आत. तर म्हणे, नको, बाबा कामात असतील, येतील बाहेर. आत्ता गेली स्टँडवर."

"खुर्च्या रिकाम्या होत्या," मामा म्हणाला.

"खुर्च्या रिकाम्या होत्या, हॉल नव्हता!" मावशींनी कपाळावर हात मारला. "जरा मान वर करून बघायची होती!"

मामाने मान वर केली नव्हती, हे मला शपथेवर सांगता येईल. त्याने फक्त दोन जागा बघितल्या होत्या.

मग तो पळाला. मी मागे. भर उन्हात काळी पँट, काळा शर्ट, काळे कॅनव्हासचे बूट. लोक वाट देत होते, बहुतेक कुणीतरी गेलं असावं असं समजून. बसचं इंजिन सुरू होतं. तिसऱ्या खिडकीत ताई होती आणि तिच्या मांडीवर टिल्लू. कपाळाखाली एक पूर्ण चेहरा होता त्याला.

"आम्ही थांबलो होतो, बाबा," ताई म्हणाली.

"मी खुर्च्या बघत होतो," मामा धापा टाकत म्हणाला.

टिल्लूने मामाला वरून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही नाटकात कोण होतात?"

"मी गडगडाट होतो."

"तो माणूस नसतो."

"धूर पण मीच होतो."

"मग दिसला का नाहीत?"

"दिसलो असतो तर ओरडा बसला असता," मामा म्हणाला. टिल्लू हसला. त्याला हे पटलं, शाळेतही असंच असतं.

"मला सुट्टी असते तेव्हा तुम्हाला नसते," ताई म्हणाली. रागाने नाही, वेळापत्रक वाचून दाखवावं तसं. "सातवीतच लक्षात आलं होतं माझ्या. तरी आले."

"रविवारी माझा वाढदिवस आहे," टिल्लू म्हणाला. "या."

"या खरंच," ताई म्हणाली. "एकच दिवस, बाबा."

कंडक्टरने घंटी मारली. मामा होकारार्थी मान हलवत राहिला, बस वळून गेली तरी.

परत येताना तो बोलतच होता. कुजबुजतच, पण बोलत होता. टिल्लूचे कान मामीवर गेलेत, हे त्याने मला चारदा सांगितलं. साडेतीनच्या खेळाआधी त्याने अस्वलाला सांगितलं, मावशींना सांगितलं, इलेक्ट्रिशियनलाही सांगितलं. शुक्रवारी खेळाच्या आधी तो दिग्दर्शकांसमोर उभा राहिला.

"रविवारी सुट्टी हवी होती."

"सुट्टीत सुट्टी?" दिग्दर्शक हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की हा विनोद नाही. ते खुर्चीतून उठले. "काका, रविवारी शेवटचे दोन खेळ. तुम्ही नसलात तर खेळच होणार नाही. सरळ सांगतो. पाटी लावावी लागेल, खेळ रद्द."

असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. सव्वीस वर्षं सगळे म्हणत आले, "काका, घंटा", "काका, चेन", "काका, जरा बाजूला". मामाचे कान लाल झाले.

"मी ओढते पडदा," मी म्हटलं. "मला सगळं पाठ आहे. मामा, तू जा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, नाही असं नाही. "धुराचं यंत्र तापतं," तो म्हणाला. "तुला कळायचं नाही, कधी बंद करायचं ते."

मला कळलं असतं. तीन आठवडे मी तेच बघत होते. पण ते त्याला ऐकायचं नव्हतं.

संध्याकाळी तो आमच्या घरी आला आणि आईच्या फोनवरून ताईला फोन लावला, स्वतःचा खिशात असताना. आईने गुपचूप स्पीकर सुरू केला.

"रविवारी खेळ आहे," मामा म्हणाला. "दोन आहेत. मी नसलो तर होणार नाहीत."

"बरं," ताई म्हणाली.

"सोमवारी थिएटर बंद असतं. सोमवारी येऊ?"

"सोमवारी शाळा सुरू होते, बाबा."

"हो. हो, खरंच." मामाने टेबलावर बोट फिरवलं. "टिल्लूला सांग..."

"काय सांगू?"

मामा आईकडे बघू लागला. आईने मान खाली घातली. पलीकडे टिल्लू वाघ होऊन कुणाला तरी खात होता, हाडांसकट.

"काही नाही," मामा म्हणाला. "जेवलीस का?"

"साडेपाच वाजलेत, बाबा."

"हो का."

वाघाचं खाऊन झालं. शेवटी ताईच म्हणाली, "ठेवते हं."

"दादा, थांब, चहा टाकते," आई उठत म्हणाली.

"नको," मामा म्हणाला. चपला घालून तो दारात थोडा वेळ उभा राहिला. मग जिना उतरून गेला.