कांबळेबाईंनी झाकलेलं मॅनहोल

"हा ड्रम रस्त्यात कोणी ठेवलाय?" मी विचारलं.

"आम्ही," कांबळेबाई म्हणाल्या. "खाली मॅनहोल उघडं आहे, साहेब. झाकण चोरीला गेलंय."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नाहूरमधली एक गल्ली. मी वॉर्ड ऑफिसात ज्युनियर इंजिनियर होतो. मॅनहोल म्हणजे गटारात उतरायचं तोंड. झाकणं बिडाची असत, भंगारात खपत, म्हणून चोरीला जात.

कांबळेबाई टेलिफोन ऑपरेटर. त्यांनी दोन अर्ज दिले होते. मग वाट न बघता शेजाऱ्यांना घेऊन मॅनहोलवर जाड फळ्या टाकल्या, वर लाल रंगवलेला ड्रम ठेवला. काम चोख होतं. पण दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांचा राउंड होता.

"हे ऑब्स्ट्रक्शन आहे. काढावं लागेल."

"काढा ना. पण झाकण?"

"आज बसेल."

आमचा मुकादम पवार हळूच म्हणाला, "साहेब, फळ्या तरी राहू द्या."

"उचल रे सगळं. झाकण येतंय."

झाकण येत नव्हतं. स्टोअरमधून माल मागवायला इंडेंट लागतो, म्हणजे मागणीचा कागद. तो मी भरलाच नव्हता. ऑफिसात गेल्यावर भरू म्हटलं, आणि राउंडच्या फायली लावण्यात विसरलो.

पहाटे दूध आणायला निघालेले कांबळेबाईंचे मिस्टर त्या उघड्या मॅनहोलमध्ये पडले. मांडीचं हाड मोडलं.

दहा वाजता बाई माझ्या टेबलासमोर उभ्या. साडीला अजून गटाराचा चिखल. वाटलं, आता सगळ्यांसमोर माझी वाट लागणार.

"ते हॉस्पिटलात आहेत," त्या म्हणाल्या. "मुलं शाळेतून त्याच रस्त्याने येतात. ड्रम परत द्या, आम्ही ठेवतो."

माझ्याने वर बघवेना. मी स्वतः स्टोअरला गेलो. तीन झाकणं भिंतीला टेकवून ठेवलेली होती. त्यातलं एक दुपारी बसलं.

चौकशी झाली. 'झाकण चोरीस गेल्याने अपघात,' असा रिपोर्ट मी लिहिला. फळ्या कोणी काढायला लावल्या ते लिहिलं नाही. पवारही बोलला नाही. कांबळे पुढे काठी घेऊन चालायचे. मी दिसलो की नमस्कार करायचे, आणि मला रस्ता बदलावासा वाटायचा.

लोकांनी केलेली सोय नियमात बसत नसेल, तर जरूर काढावी. आधी आपलं काम करावं, मग काढावी.