रिकाम्या गाडीचं स्टिअरिंग
तीन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, मुलुंडला आमच्या सोसायटीच्या आवारात, गाडीत कोणी नसताना तिचं स्टिअरिंग फिरलं. पॉवर स्टिअरिंगच्या तेलाचा जळकट वास आला की मला ते आठवतं. गळकी नळी दादाने घरीच बदलली होती आणि आत अडकलेली हवा काढायची राहिली होती. त्यासाठी पुढची चाकं जॅकने उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं असतं. ते मी सीटवर बसून फिरवत होतो. दादा गाडीखाली आडवा होऊन, टायरच्या आतल्या बाजूला हात घालून, नव्या जोडातून तेल गळतंय का ते चाचपत होता. तेल कमी झालं म्हणून मी उतरलो आणि बॉनेटपाशी उभा राहून ओतू लागलो. उतरल्याचं त्याला सांगायचं राहिलं. “डावीकडे,” तो खालून म्हणाला. चाक डावीकडे वळलं. “उजवीकडे.” तेही झालं. “हळू रे, बोटं चिरडशील माझी!” “दादा, मी बाहेर उभा आहे.” “मस्करी नको ना यार.” मग त्याला बंपरखालून माझ्या चपला दिसल्या. त्याने हात ओढून घेतला आणि लगेच चाक डावीकडे, पार शेवटपर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी साकीनाक्याच्या मेकॅनिकने गाडी तपासली. “हवा एकदम साफ निघालीय,” तो म्हणाला, “स्टिअरिंगवर कोण बसलं होतं?” दादाने त्याचे पैसे दिले आणि किल्ली घेतली. गाडी अजून दादाच चालवतो.