पाणघोडा विरुद्ध मेहुणा

मी आयुष्यात एकच कुस्ती खेळलो आणि ती पाणघोडा म्हणून हरलो.

मोबाईलला बटणं होती त्या काळातली ही गोष्ट. कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं झेरॉक्सचं दुकान होतं. दिवसभर बैठं काम, शेजारी वड्याची गाडी, त्यामुळे मी काउंटरपाशी पोचायच्या आधी माझं पोट पोचलेलं असायचं. आमची सानू तेव्हा दुसरीत होती आणि टीव्हीवरच्या गुब्बू नावाच्या पाणघोड्यापायी वेडी झाली होती. हा गुब्बू म्हणजे कार्टूनमधला एक नंबरचा धांदरट प्राणी. चालताना रांजण फोडायचा, पायऱ्यांवरून गडगडत यायचा, पण मनाने सोनं! पुढे तो एका म्हाताऱ्या खेकड्याकडून कराटे शिकतो आणि गावावर आलेल्या राक्षसाला एका लाथेत उताणा पाडतो. (खेकड्याला कराटे कुणी शिकवलं, हे विचारायची आमच्या घरात सोय नव्हती.)

गुब्बूच्या तोडीचा सानूला जगात एकच माणूस वाटायचा, तो म्हणजे तिचा मामा. माझा मेहुणा संभा. नेसरी गावचा गडी, कोल्हापुरात तालमीत राहून कुस्ती करायचा.

"मामा एका हातानं भरलेला सिलिंडर उचलतो," सानू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

"आणि पप्पा काय उचलतात?" असं एकदा कुणीतरी विचारलं.

"फोन," बायको आतून म्हणाली, "आणि तो पण वाजून वाजून बंद पडायला आल्यावर."

मला हे लागलं. खोटं कशाला बोलू, सख्ख्या मेहुण्यावर मी मनातून जळत होतो. एकदा, फक्त एकदा, पोरीनं माझ्याकडे तसं डोळे मोठे करून बघावं, एवढीच माझी इच्छा होती.

ती संधी गणपतीत आली. आमच्या गल्लीच्या मंडळाचा दरवर्षी सजीव देखावा असतो. माणसं रंगून स्टेजवर उभी राहतात, आपापल्या आवाजात आधीच भरून ठेवलेले संवाद मागून टेपवर वाजतात, आपण नुसते हातवारे करायचे. त्या वर्षी अध्यक्ष बाळूदादांनी 'गुब्बूचा पराक्रम' ठरवला आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या पोटावर येऊन थांबल्या.

"तुम्हीच करायचं," बाळूदादा म्हणाले, "कापूस कमी लागतोय."

गादीवाल्याकडून फोमचा पोशाख शिवून आला. आत शिरलो तर वर मुंडकं, खाली पाय आणि मध्ये नुसता गोल! बघायला पहिला आला तो गल्लीतला दूधवाला. माझ्याभोवती फिरून म्हणाला, "म्हस झ्याक हाय. जाफराबादी न्हवं?"

"पाणघोडा हाय तो!" मी मुंडक्यातून ओरडलो.

"मग शिंगं कुठं हायत?"

बाळूदादा विचारात पडले. लोकांना कळायला पाहिजे म्हणून दुसऱ्या दिवशी पाणघोड्याला शिंगं बसवण्यात आली. मी विरोध केला, पण कार्यकारिणीचा ठराव झाला होता.

इकडे सानूने सगळ्या वर्गाला सांगून टाकलं, "आमचे पप्पा गुब्बू होणार! राक्षसाला लोळवणार!" देखाव्याच्या पहिल्या दिवशी तिच्या वर्गातल्या पोरी आयांसकट येणार होत्या आणि त्यांच्यासाठी पुढच्या खुर्च्या धरून ठेवल्या होत्या. मी घरात आरशासमोर लाथेचा सराव करायला लागलो. त्यात आरसा वाचला, पण कपाटाचं दार गेलं.

आणि ऐन त्या दिवशी सकाळी राक्षस आजारी पडला. प्रसादाचा शिरा जास्त झाला होता. मंडळात हलकल्लोळ! तेवढ्यात गौरी-गणपतीसाठी आमच्याकडे आलेला संभा दारात दात घासत उभा असलेला मला दिसला. माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. सानूच्या डोळ्यांदेखत मी साक्षात मामाला लोळवणार! असला मोका देव रोज देत नाही.

"संभा, राक्षस होतोस का? काही करायचं न्हाय, मी लाथ मारली की पडायचं."

"दाजी, तुम्ही म्हणशीला तसं," संभा भोळेपणाने म्हणाला.

दुपारी गादी टाकून तालीम घेतली. मी लाथ मारली. संभा पडला, पण पोटावर. पुन्हा मारली. कुशीवर पडला. पुन्हा पोटावर!

"अरे, राक्षस उताणा पडतो!"

"दाजी, पाठ लागतीया की वो मग."

"लागू दे की! नाटक हाय हे."

"नाटक हाय ते कळतंय मला, पाठीला कुठं कळतंय?" संभा कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "पंधरा वर्सं तिला भुईला लागू दिली न्हाय. बघूया संध्याकाळी."

त्या 'बघूया'वर मी विश्वास ठेवला, हाच माझा गाढवपणा.

संध्याकाळी गल्ली माणसांनी फुलली. पडदा उघडला. मी ठरल्याप्रमाणे धडपडत आलो, रांजण फोडला, लोक हसले. मुंडक्याच्या जबड्यातून मला पहिल्या रांगेतली सानू दिसत होती. ती खुर्चीवर उभी राहून मैत्रिणींना सांगत होती, "ते बघा, आमचे पप्पा!" माझा ऊर फोमसकट भरून आला. मग काळा रंग लावलेला, दाढीमिशा चिकटवलेला राक्षस आला, टेपवर गडगडाटी हसला आणि सवयीने त्याने खाडकन शड्डू ठोकला!

कोल्हापुरात शड्डू ऐकून गप्प बसणारा माणूस अजून जन्माला यायचाय. गर्दीतून आवाज आला, "आरं, ह्यो नेसरीचा संभा न्हवं?" शेजारच्या मंडळाचा हलगीवाला काही कारण नसताना वाजवायला लागला. लोकांनी मागं सरून गोल केला. देखावा बघायला आलेली मंडळी बघता बघता कुस्तीचं मैदान बघायला लागली!

"सावध हो दुष्टा! हा घे माझा झटका!" टेपवर मी गरजलो.

मी लाथ मारली आणि संभाने ती धरली.

"सोड की!" मी मुंडक्यातून कुजबुजलो.

"दाजी, घात झाला! समोर आमचं वस्ताद बसल्यात!" संभाचा आवाज रडवेला झाला होता. "त्यांच्यादेखत पडलो तर तालमीत पाय ठेवू द्यायचे न्हाईत."

"माझी पोरगी बसलीया समोर!"

"मग तुम्हीच पडा की! तुम्हाला कोण वळखतंय?"

मी एका पायावर स्टेजभर नाचत होतो. (लोकांना वाटलं, पाणघोड्याचा डाव चाललाय. टाळ्या पडल्या.) टेप मात्र थांबायला तयार नव्हता. "थरथर कापतोयस ना? मागतोस का माफी?" माझाच दमदार आवाज गल्लीभर घुमत होता, आणि मी आतून खरोखरच माफी मागत होतो.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "संभा, धोबीपछाड मार!"

संभाने विचार केला नाही हे मी आजही शपथेवर सांगेन. हात आपोआप चालला. मला एकदम गणपतीचा मुकुट वरून दिसला, मग मंडपाचं छत दिसलं, मग काहीच दिसेना. मी धाडकन स्टेजवर आलो. वर संभा. आणि टेपवर मी: "गावकऱ्यांनो, बाहेर या! गुब्बूनं राक्षसाला लोळवलं!"

एवढ्यावर संपलं असतं तरी मी देवाचे आभार मानले असते. पण खाली भांडण पेटलं.

"चितपट! चितपट!"

"कशाची चितपट? पाठ कुठं लागलीया? फोम लागलाय!"

"फोम पाठीचाच हाय न्हवं?"

"पावणं, म्हशीची पाठ निराळी आन् माणसाची निराळी!"

शेवटी पांढऱ्याशुभ्र मिशीवाले वस्ताद स्वतः स्टेजवर चढले. गुडघ्यावर बसले. माझ्या खाली हात घालून त्यांनी गंभीरपणे फोम दाबून बघितला, मग दुसऱ्या बाजूने दाबून बघितला.

"आत माणूस टेकलाय," त्यांनी निकाल दिला. "कुस्ती झाली."

जल्लोष झाला! राक्षसाला फेटा बांधला गेला. नारळ दिला, हार घातला, खांद्यावर घेतला. बाळूदादाही त्याच्यापुढे नाचायला लागले. आणि या गोंधळात मला सानूचा आवाज ऐकू आला. ती खुर्चीवर उड्या मारत किंचाळत होती, "मामा! मामा! आमचा मामा जिंकला!"

मला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. मी फोमसकट गडगडत कडेला गेलो, खांबाला धरून उठलो आणि कुणाचं लक्ष नाही हे बघून स्टेजच्या मागच्या बाजूने खाली उतरलो. मुंडक्याचा बंद अडकला होता, त्यामुळे ते निघत नव्हतं. उतरलो तर समोर सानू आणि तिच्या मैत्रिणी! संभाला भेटायला धावत निघाल्या होत्या. मला बघून थबकल्या.

एका मैत्रिणीनं विचारलं, "सानू, हे तुझे पप्पा न्हवं?"

सानूने माझ्याकडे पायापासून शिंगांपर्यंत बघितलं. पोर आहे, पण रक्ताचं नातं आहे, असं मनात म्हणत राहिलो.

"न्हाय गं," सानू अतिशय शांतपणे म्हणाली. "पप्पांना ऐन वेळी काम आलं, ते दुकानात हायत. ह्ये दुसरंच कोणतरी पावणं हायत."

आता पोरीनं चारचौघांत दिलेला शब्द बापाने मोडायचा तरी कसा? पाहुण्यांनी पोरींना हात जोडून नमस्कार केला, स्वतःच्या घराकडे पाठ फिरवली आणि त्या नजरेआड होईपर्यंत एसटी स्टँडच्या दिशेने मुकाट चालत राहिले.