लिफ्टमधली बाबांची जागा

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिंहगड रोडवर ट्रॅफिकमध्ये होते. धायरीतली आमची बिल्डिंग समोर दिसत होती आणि गाडी जागची हलत नव्हती...

बाबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर चार दिवसांसाठी म्हणून विदर्भातून आले आणि आमच्या अकराव्या मजल्यावर अडकले ते अडकलेच. लिफ्टमध्ये शिरले की कोपऱ्यात पाठ भिंतीला टेकवून, अंग चोरून उभे राहायचे. रिकाम्या लिफ्टमध्येसुद्धा! मी सदाशिव पेठेतली, गप्प कशी बसणार? विचारलंच, "बाबा, इथून आगगाडी जाणार आहे का?" तर हसले आणि म्हणाले, "सवय आहे बेटा."

मग कळलं. त्यांच्या गावच्या नदीवर इंग्रजांच्या काळातला एकच पूल, तोही रेल्वेचा. रुळांवरूनच सायकली, बैलगाड्या, माणसं जायची. गाडी यायची झाली की दोन्हीकडची फाटकं बंद, आणि मध्ये राहिलेल्यांनी कठड्यातल्या खाचेत उभं राहायचं. लग्नानंतर सासूबाईंना सायकलवरून माहेरी नेताना नेमकी मधोमध चेन पडली. दोघं एका खाचेत, अंगाला घासेल अशी गाडी, आणि सासूबाईंनी त्यांचा शर्ट मुठीत गच्च धरलेला. "अख्ख्या संसारात तिनं मला असं तेवढंच एकदा धरलं," बाबा म्हणाले.

त्यांना त्या खाचेत पुन्हा एकदा उभं राहायचं होतं. नवा पूल होत आला होता, जुना बंद होणार होता. पलंगाखाली बॅग भरून ठेवलेली. सॉफ्टवेअर कंपनीतला माझा नवरा म्हणायचा, "हा रिलीज झाला की जाऊ." एक रिलीज संपला की दुसरा हजर. बाबांनी एकट्यानं जातो म्हटलं तर हृदयाचं दुखणं आडवं यायचं. नवऱ्याचं तरी काय, अमेरिका उठली की हा कॉलवर. मला मात्र राग यायचा, त्याचाही आणि निमूट ऐकून घेणाऱ्या बाबांचाही.

शेवटी गावाहून बाबांच्या पुतण्याचा फोन आला, पूल बंद झाला म्हणून. बाबांनी बॅग उघडली आणि कपडे कपाटात लावले. "आता दोन्ही फाटकं बंद," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

काल आम्ही दोघं ऑफिसमधून एकत्र आलो. लिफ्टमध्ये नवरा बाबांच्या कोपऱ्यात गेला आणि तसाच, पाठ टेकवून, अंग चोरून उभा राहिला. त्याला कळलंही नसावं. मी त्याच्या शेजारी भिंतीला टेकले आणि त्याचा शर्ट मुठीत धरला. अकरावा मजला आला, दार उघडलं, मिटलं... आम्ही तिथंच उभे होतो.